न्याहारीसकट

रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं,
पहिल्यांदाच येताय त्रिएस्तेला?
मी म्हटलं, हो.
अगदीच खोटं नव्हतं ते,
हॉटेलात उतरत होते पहिल्यांदाच.
जन्म मात्र इथून सात गल्ल्या वर,
सान जाकोमोच्या चढावर.

आईचं घर आज दुपारी रिकामं झालं.
पलंग गेला, शिवणयंत्र गेलं,
कॉफीची तीन भांडी एका बाईनं
घासाघीस न करता पिशवीत घातली.
किल्ली उद्या दहाला नोटरीच्या हातात.
मधे एक रात्र उरली. तिचं काय करायचं?
म्हणून ही खोली. चारशे सात, समुद्राकडची.
एकशे नव्वद युरो, न्याहारीसकट.

खोलीत सगळं करडं. भिंती करड्या, उशी करडी,
नळ कुठून सुरू होतो ते कळायलाच पाच मिनिटं.
उशीवर कार्ड: वाऱ्याला घाबरू नये,
खिडक्यांना तिहेरी काचा आहेत.
बोरा. आमच्या गावात वारा बाईमाणूस आहे.
घरी ती फटीतून आत यायची
आणि आई त्या फटीत जुने मोजे कोंबत
तिला स्लोव्हेनियनमधून शिव्या द्यायची,
कारण देवाला, म्हणायची, इटालियनच तेवढं कळतं.

इथं काचेआड सगळं मुकं.
धक्क्यावरचे दिवे, पांढरं फुटणारं पाणी,
एक माणूस टोपीमागे धावतोय,
टोपी पुढे.

साडेबारा. झोप नाही.
हॉटेलच्या सपाता घालून खाली उतरले.
इमारत ओळखीची आहे, हे कुणालाच बोलले नव्हते.
इथं विमा कंपनी होती, जहाजांची.
वर कारकून बुडालेल्या जहाजांचे हिशेब लिहायचे,
आणि त्यांच्या आधी, पहाटे चारला येऊन
आई खालची फरशी पुसायची. अठरा वर्षं.
काळ्या-पांढऱ्या चांदण्यांची फरशी,
दारापासून नववीला तडा.
तिजोरी उतरवताना दोर सुटला होता.
हमालाचा पाय वाचला, चांदणी गेली.
त्या एकीवर मी जोर देत नाही, आई म्हणायची,
दुखऱ्या गुडघ्यावर देत नाही तसा.

फरशी तीच. मासिकात फोटो आलाय म्हणे तिचा.
मी दारापासून मोजत गेले.
सहा, सात, आठ.
नववीवर गालिचा.

खाली बसले. वय त्रेसष्ट, झोपायच्या झग्यावर कोट.
कोपरा उचलतच होते, तोवर
रात्रपाळीचा नेवियो आला.
काही हरवलं का, सिन्योरा?
आता काय सांगायचं याला.
म्हटलं, कानातलं.
भला माणूस, लगेच दुसऱ्या टोकाला वाकला.
दोघांनी मिळून ते लोकरीचं ओझं
अर्ध्यापर्यंत गुंडाळलं.

होता. तडा होता.
आठवणीतल्यापेक्षा लहान, बोटभर,
आणि त्यात मेणासारखा काळा मळ,
कुठल्याच यंत्राला न निघालेला.
मी त्यावर हात ठेवला. दगड गार.
नेवियो टॉर्च घेऊन शोधत होता,
शोधता शोधता उजेड माझ्या चेहऱ्यावर आला.
दोन्ही कानांत दोन्ही होती, बारकी, मोत्याची.
त्यानं ती पाहिली.
टॉर्च पुन्हा खाली वळवला,
आणि आणखी थोडा वेळ शोधलं.

सकाळी मुरंबा तीन प्रकारचा.
एक पाव रुमालात बांधला, आईच्या सवयीनं,
मग सोडला, मग परत बांधला.
बिल दिलं. बाहेर बोरानं कोट
डोक्यावर उलटा केला, ओळख दिल्यासारखा.

नोटरी म्हणाला, किल्ली?
खिशात हात घातला आणि त्याच्या टेबलावर
चुकून आधी ठेवलं
चारशे सातचं कार्ड.